कट्टुमरम आणि कॅटमरान: नाव एकाचं, घडण दुसऱ्याची

गेटवेहून मांडव्याला जाणारी कॅटमरान धक्क्याला लागताना समोरून बघा. एका बोटीची दोन अरुंद धडं, वर दोघांना जोडणारा मजला आणि मधून आरपार पाणी. हे नाव तमिळ, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. म्हणून दोन धडांची ही बोटही तमिळ कोळ्यांचीच, असं धरून चालतात. तिथेच गफलत होते.

तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे झाड, लाकूड. कट्टुमरम हा हलक्या लाकडाचे ओंडके काथ्याने आवळून केलेला तराफा. त्याला पोकळ धडच नाही, एकही नाही, मग दोन कुठून येणार? पाणी फटींतून वर येतं आणि तसंच खाली जातं, त्यामुळे आत पाणी भरून बुडण्याचा प्रश्नच नाही. किनाऱ्यावर आला की दोर सोडायचे आणि ओंडके वाळत टाकायचे. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्द्याने 1697 च्या पुस्तकात कोरोमंडल, म्हणजे तमिळनाडूकडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे तराफे वर्णिले आहेत: एखाददुसरा ओंडका, वर एकच माणूस, आणि त्याचे पाय नि बूड कायम पाण्यात!

दोन धडांची घडण प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांची. दोन लांब होड्या आडव्या वाशांनी जोडून ते बेटामागून बेट गाठत गेले. रुंदीमुळे अशी जोडहोडी सहसा कलंडत नाही आणि पाण्यात बसलेला भाग अरुंद असल्याने वेगही मिळतो. अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफने 1876 मध्ये 'अ‍ॅमॅरिलिस' ही अशीच बोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. ती पुढे निघाली आणि बाद ठरवली गेली. इंग्रजांच्या तोंडी तोवर रुळलेलं तराफ्याचं नाव या घडणीला चिकटलं. दोन्हींत साम्य काय, तर एकत्र बांधणं. बस.

खरं तर दोन धडांच्या बोटीला नेमका शब्द आपल्याकडे होता. दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधले की सांगड. 'सांगड घालणे' त्यातूनच आलं. मूळ संस्कृत संघाट. मल्याळममधला चंगाडम याच कुळातला. तो पोर्तुगीजांनी उचलला, त्याचा जंगाडा केला, आणि ब्राझीलचे कोळी आपल्या तराफ्याला आजही जंगाडाच म्हणतात.