‘बेल रीव्ह’ हॉटेल आणि रिव्हिएराचा उन्हाळा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजेच रिव्हिएरावर, आँतीबजवळच्या ज्युआँ-ले-पँ येथे भूमध्य समुद्राला अगदी खेटून उभे असलेले ‘बेल रीव्ह’ हे हॉटेल १९३०च्या आसपासचे आपले रूप आजही जपून आहे. त्या रूपामागचा इतिहास पाहताना आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आज उन्हाळी चैनीसाठी ओळखला जाणारा हा किनारा पहिल्या महायुद्धापर्यंत हिवाळ्याचे ठिकाण होता.

ब्रिटिश राजकारणी लॉर्ड ब्रूम १८३४ साली याच किनाऱ्यावरच्या कान (Cannes) या गावी थांबले आणि त्यांच्या मागोमाग इंग्रज उमराव थंडी टाळण्यासाठी येथे येऊ लागले. राणी व्हिक्टोरिया नीसला येई, तेव्हा तिचा मुक्काम सिमिएच्या टेकडीवर असे, वाळूवर नव्हे. ऊन अंगावर घेणे त्या वर्गाला अप्रतिष्ठेचे वाटे, आणि वसंत संपता संपता मोठी हॉटेले कुलूपबंद होत.

हे चित्र बदलण्यात जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन दांपत्याचा वाटा फार मोठा आहे. १९२३ साली त्यांनी आंत्वान सेला यांना गळ घातली आणि काप दांतीब या भूशिरावरचे त्यांचे ‘होतेल द्यू काप’ हे हॉटेल मोजक्या नोकरांनिशी उन्हाळाभर उघडे ठेवायला लावले. त्या उन्हाळ्यात पिकासोही सहकुटुंब तेथे आले होते. जवळचा गारूपचा किनारा तेव्हा इतका दुर्लक्षित होता की समुद्रशेवाळाचे थर उपसून मर्फींना स्वतःच बसण्यापुरती वाळू मोकळी करावी लागली. त्यांच्या ओढीने मित्र येत गेले. त्यांतलेच लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड १९२६ साली पत्नी व मुलीसह ज्युआँ-ले-पँच्या ‘व्हिला सँ-लुई’मध्ये भाड्याने राहिले.

हाच व्हिला पुढे ‘बेल रीव्ह’ झाला. जन्माने रशियन असलेले बोमा एस्तेन आणि त्यांच्या पत्नी सिमोन यांनी १९२९ साली तेथे हॉटेल सुरू केले आणि त्याला त्या काळची आर्ट डेको शैली दिली. गोलावा दिलेल्या रेषा, भौमितिक नक्षी, भित्तिचित्रे ही तिची लक्षणे मुंबईकरांना मरीन ड्राइव्हच्या इमारतींमुळे अपरिचित नाहीत. माझ्या मते मात्र या वास्तूचे खरे वेगळेपण तिच्या मांडणीत आहे. हिवाळी हॉटेले टेकडीवरून समुद्र न्याहाळत, तर येथे गच्चीच्या पायऱ्या थेट धक्क्यावर उतरतात आणि पाहुणा पोहण्याच्या पोशाखात पाण्यात शिरू शकतो. उन्हाळ्याचा हंगाम रुजला नसता, तर अशा जागी हॉटेल काढण्याचा विचारही कोणी केला नसता.

१९३६ साली फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि उन्हाळ्यातला समुद्रकिनारा श्रीमंतांपुरता उरला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटनाचे स्वरूप आणखी बदलत गेले. फ्रँक जे गूल्ड यांनी त्याच गावात १९२७ साली उभारलेले भव्य हॉटेल ‘ल प्रोव्हांसाल’ १९७०च्या दशकात बंद पडले आणि कित्येक दशके ओसाड राहिले. ‘बेल रीव्ह’ आकाराने लहान होते आणि एस्तेन कुटुंबाच्याच हाती राहिले. तिसऱ्या पिढीने मूळची सजावट काढून न टाकता तिची डागडुजी केली, म्हणूनच आज ती पाहायला मिळते.