डोंगरावरचा मुक्काम कसा आखडला

मे महिन्यातल्या शनिवारी महाबळेश्वरला चढणाऱ्या पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि रविवारी दुपारपासून तीच रांग खाली उतरू लागते. मधल्या वेळात वेण्णा तलाव, दोन-चार पॉइंट, बाजारपेठ आणि स्ट्रॉबेरी क्रीम उरकलेलं असतं. निवांत सुट्टी कशी आखावी, असं हल्ली पुष्कळ जण विचारतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाबतीत हा प्रश्न पडावा याचं साताऱ्याच्या माणसाला वाईट वाटतं, कारण आजची ही गिरिस्थानं वसली तीच लांबच्या मुक्कामासाठी.

क्षेत्र महाबळेश्वर त्याही आधीचं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथल्या पंचगंगा मंदिरात मानतात आणि यात्रेकरू तिथे शतकानुशतकं येत आले. इंग्रजांचं लक्ष गेलं ते १८२४ मध्ये जनरल लॉडविक हा डोंगर चढला त्यानंतर. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ मध्ये करार केला, वाईकडचं खंडाळा गाव देऊन ही जागा घेतली आणि माल्कम पेठ, म्हणजे आजचं महाबळेश्वर गाव, वसवली. हेतू सरळ होता. उन्हाने आणि तापाने खंगलेल्या सैनिकांना, अधिकाऱ्यांना थंड हवेत सावरायला जागा हवी होती. खंगलेला माणूस दोन दिवसांत उभा राहत नाही, म्हणून बंगले बांधले गेले तेही हंगामभर राहता येईल असे.

शिवाय तिथे पोचणं हेच मोठं काम होतं. मुंबईहून बोटीने सावित्रीच्या खाडीत दासगावपर्यंत यायचं आणि पुढे घाट चढायचा. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे आली, तेव्हा वाठार स्टेशनवर उतरून टांग्याने वाई आणि मग पसरणीचा घाट. एवढी यातायात करून आलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी परतणार थोडंच! उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभारही इथे हलायचा. जूनच्या पावसाआधी बिऱ्हाडं उतरायची, आणि वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या त्या पावसात घरं गवताने शाकारून बंद ठेवली जायची.

पॉइंटांकडेही या दृष्टीने पाहायला हवं. लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर सीट ही साहेबांची नावं आज टॅक्सीच्या दरपत्रकावर एकाखाली एक छापलेली असतात, आणि पर्यटक एका दमात सगळ्यांवर खूण करतो. पायी किंवा घोड्यावरून हिंडण्याच्या काळात हे शक्यच नव्हतं. आर्थर सीट गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. एका संध्याकाळी एकच कडा गाठायचा, दरीतला प्रकाश बदलताना पाहायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचं. महाबळेश्वर बघावं ते असंच, हे माझं ठाम मत आहे.

पाचगणीची गोष्ट थोडी वेगळी. महाबळेश्वरपासून अवघ्या वीस किलोमीटरवर पाऊस निम्म्याहूनही खूप कमी होतो, त्यामुळे तिथे बाराही महिने राहता येतं. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव आकाराला आणलं आणि सिल्व्हर ओकची झाडं लावली. वर्षभर राहण्याजोग्या याच हवेमुळे निवासी शाळा आल्या आणि क्षयरोग्यांचं आरोग्यधामही आलं. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केलेलं बेल एअर हे ते प्रसिद्ध आरोग्यधाम. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने पडून राहणं, हाच उपचार. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटलेले गांधीजी आजारी होते, तेही विश्रांतीसाठी जुहूनंतर पाचगणीलाच आले.

हा मुक्काम आखडला तो एकेक कारण गळत गेल्यामुळे. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि ‘हवापालट करा’ असं सांगणारे डॉक्टर कमी झाले. गाडीरस्ते सुधारले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि मुंबईकराला सकाळी निघून दुपारी महाबळेश्वरात जेवता येऊ लागलं. शनिवार-रविवारची सुट्टी रुळली. राज्य सरकारी कार्यालयांनाही २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. सोय वाढली ती चांगलीच, पण सगळी गर्दी त्याच दोन दिवसांत कोंबली गेली. हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. रस्ते आणि पाणी यांना मर्यादा आहेत, त्या वाढणाऱ्या नाहीत.

साहेबाची सुट्टी डोंगरावर होती, तशी आपल्या लोकांची गावात होती. जावळी, पाटण, कोरेगावची माणसं मुंबईत गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेली. ती चैत्र-वैशाखात गावच्या यात्रेला यायची. मुलं मात्र शाळा उघडेपर्यंत राहायची. विहिरीत पोहायचं, आंब्याच्या अढीभोवती घुटमळायचं, रात्री अंगणात वाकळ टाकून झोपायचं. त्याला कुणी कार्यक्रमपत्रिका केली नव्हती. इटलीत १९८६ मध्ये झटपट खाण्याविरुद्ध चळवळ सुरू झाली, तिच्यातून संथ प्रवासाचा विचार जगभर पसरला. आपल्याकडे तो जगून झालेला होता.

हे सगळं ध्यानात ठेवून सुट्टी आखायची तर आधी वार बदलावा, सोमवार ते गुरुवार असा. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवावा. वाई मला त्यासाठी फार आवडते: सकाळी कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, दुसऱ्या दिवशी चालत मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, आणि दुपारी झोप. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत आणि कुणीही बसून वाचावं. तिथे अर्ध्या तासाचा थांबा ठेवू नका, राहायलाच जा. स्ट्रॉबेरी हवी असेल तर डिसेंबर ते मार्च, कास पठारावरची फुलं हवी असतील तर पावसाचा उतार, आणि त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी. आजी-आजोबा बरोबर असतील तर घाट सकाळीच चढा, म्हणजे पहिली दुपार विश्रांतीला मिळेल.