नीतिमत्त्व (ख्रिस्ती सेवा)

नीतिमत्त्व : देवाच्या इच्छेपुढे नम्र होऊन ती पाळणे आणि त्या पाळण्यातूनच इतरांची सेवा करणे, या अर्थाने मराठी ख्रिस्ती परिभाषेत रुळलेला शब्द. नीतिमत्ता म्हणजे सदाचार. बोलण्यात दोन्ही शब्दांची गल्लत होते आणि ‘नीतिमान’ म्हटले की ज्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही असा माणूस डोळ्यांपुढे येतो. बायबलमधला नीतिमान वेगळा. अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तेच त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून धरले गेले (उत्पत्ती १५:६).

येशू यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला जातो. तिथे बाप्तिस्मा देणारा योहान त्याला अडवतो, तर सर्व नीतिमत्त्व असेच पूर्ण करायचे आहे, असे त्याचे उत्तर (मत्तय ३:१५). पापांची कबुली द्यायला आलेल्या गर्दीत, त्यांच्याच रांगेत तो उभा राहतो. पौलाने पुढे लिहिले की त्याने दासाचे रूप घेतले आणि मरणापर्यंत आज्ञा पाळली (फिलिप्पैकरांस २:७-८). लूकच्या शुभवर्तमानातला दास दिवसभर शेत नांगरून घरी येतो, कमर कसून धन्याला जेवू घालतो आणि मगच स्वतः जेवतो. आभारांची वाट पाहत नाही (१७:७-१०). सेवा करणाऱ्याला हा दृष्टांत टोचतो, आणि तो टोचावा असाच आहे.

नीतिमत्त्व केवळ विश्वासाने लाभते की कर्मांचाही त्यात वाटा असतो, यावर सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला. त्रेंत येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक मत मांडले. १९९९ मध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) यांनी याच प्रश्नावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

गोव्यात हा विचार मराठीतून फार लवकर बोलला गेला. १५७९ मध्ये आलेले, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. आजची उपासना मुख्यतः कोकणीत चालते आणि नम्रतेला तिथे ‘खालतिकाय’ म्हणतात. शब्दातच खाली येणे आहे.

या वृत्तीचे गोव्यातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे संत जुझे वाझ (१६५१–१७११). जन्म बाणावलीचा, घर सांकवाळचे. डच अमलाखाली धर्मगुरूंविना राहिलेल्या श्रीलंकेतील कॅथलिकांकडे जाण्याची त्यांना ओढ होती, पण १६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात पाठवण्यात आले. तिथे पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाकडे असलेली चर्चच्या कारभाराची व्यवस्था) आणि प्रोपागांडा (धर्मप्रसारासाठी रोमने नेमलेले मंडळ) यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता. मनातली वाट बाजूला ठेवून त्यांनी ते काम पत्करले. परतल्यावर जुन्या गोव्यातील धर्मगुरूंच्या लहानशा संघात ते दाखल झाले. हाच पुढे ओरेटरी म्हणून ओळखला गेला. १६८७ मध्ये ते श्रीलंकेला निघाले ते मजुराच्या वेशात. तिथल्या कँडी राज्यात पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैद झाली. १६९७ च्या देवीच्या साथीत माणसे घरच्यांनाही टाकून पळत होती, तेव्हा बौद्ध की ख्रिस्ती हे न पाहता त्यांनी रोग्यांना औषधपाणी केले, मेलेल्यांना मूठमाती दिली. बिशपपद देऊ केले गेले, ते त्यांनी घेतले नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या गोव्यात युरोपीय धर्मसंघांची दारे स्थानिक धर्मगुरूंना बहुधा बंद असत आणि १५६० पासून इन्क्विझिशन (धर्मभ्रष्टतेचे खटले चालवणारे चर्चचे न्यायालय) चालू होते, तिथे ‘आज्ञा पाळा’ हे वाक्य सत्तेच्या तोंडीही होते. ती आज्ञाधारकता आणि देवापुढची ही एक नव्हे. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे येशूच्या प्रेषितांनी न्यायसभेपुढे सांगितले (प्रेषितांची कृत्ये ५:२९). दडपून वाकवलेली मान आणि आपणहून खाली घेतलेली मान लांबून सारखी दिसते. वाझ गोमंतकीय होते, त्यांच्या ओरेटरीतले सोबतीही गोमंतकीयच. या मातीत खालतिकाय कमीपणाची नव्हे, हे त्यांच्यामुळे कळते.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, गोव्यातील चर्चमध्ये हे डोळ्यांना दिसते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पाद्री मिस्साचे (उपासनेचे) वरचे वस्त्र उतरवून कमरेला टॉवेल बांधतो आणि वेदीजवळ बसलेल्या बारा जणांपुढे एकेक करून गुडघे टेकतो. पायावर पाणी ओततो, पाय पुसतो, वाकून त्याचे चुंबन घेतो. पाय मासेमाराचा असेल, नाहीतर शाळामास्तरचा. पूर्वी हे बारा पुरुषच असत. २०१६ मध्ये रोमने नियम बदलल्यापासून स्त्रियांचेही पाय धुता येतात. या विधीला लॅटिनमध्ये ‘मांदातुम’ म्हणतात. त्याचा अर्थ आज्ञा.