प्रॉस्पेक्ट ‘भरपूर’ की प्रॉस्पेक्ट ‘भारी’?

हिवाळ्यात टोरांटो-न्यूयॉर्ककडची संध्याकाळी सातची एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगची, मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते. कोथरूडच्या गॅलरीत माझा भाचा शाल पांघरून, फोन कुंडीला टेकवून बसलेला असतो. परवा म्हणाला, “मामा, आपल्या टीमकडे 22 प्रॉस्पेक्ट आहेत, पूल जबरदस्त!” मी विचारलं, “पहिल्या दोन लाइनमध्ये खेळतील असे किती?” गडी गप्प. प्रॉस्पेक्ट म्हणजे संघाने निवडून ठेवलेली, अजून मुख्य संघात न आलेली पोरं, आणि पूल म्हणजे त्यांचा साठा. लाइन म्हणजे आळीपाळीने उतरणारी तीन आक्रमकांची तुकडी; पहिली सगळ्यात भारी, चौथी सगळ्यात खालची.

ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवी पोरं निवडायच्या, सात फेऱ्या असतात. दरवर्षी पाच-सात पोरं कुठल्याही संघाच्या खात्यात पडतातच, त्यामुळे यादी लांबली यात कर्तबगारी कसली? चौथ्या लाइनचा धडपड्या खेळाडू फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात) स्वस्तात मिळतो. पहिल्या लाइनचा सेंटर (मधला आक्रमक) मात्र क्वचितच बाजारात येतो, आणि आला की सॅलरी कॅपचा (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा) मोठा घास घेतो. खडकीत हॉकी खेळणाऱ्या पोरांना कधीच तोटा नव्हता, धनराज पिल्ले मात्र एकच झाला.

मग ‘भारी’ ओळखायचा कसा? नुसते पॉइंट (गोल अधिक गोलला दिलेले पास) बघू नका. वय बघा, आणि समोर कोण खेळतंय ते बघा. विसाव्या वर्षी ज्युनियर लीगमध्ये सतरा वर्षांच्या पोरांवर गोल चढवणं सोपं. ऑस्टन मॅथ्यूजचंच बघा. त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण हवीत, हा ड्राफ्टचा नियम. याचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांच्या फरकाने 2015 चा ड्राफ्ट हुकला. ते वर्ष तो स्वित्झर्लंडच्या झुरिक संघाकडून थोराड गड्यांत खेळला आणि 36 सामन्यांत 24 गोल केले. 2016 ला टोरांटोने त्याला पहिला उचलला. ज्युनियरमधल्या शंभर पॉइंटपेक्षा मला हे 24 गोल जड वाटतात.

संख्येला अगदीच किंमत नाही असंही नाही. डेट्रॉइटच्या संघाला पुढे स्टार झालेले दोघे असेच ड्राफ्टच्या शेपटाला मिळाले: दात्स्युक 171 वा, झेटरबर्ग 210 वा. पण ही लॉटरीची तिकिटं. खिशात असावीत, त्यांच्या भरवशावर फ्लॅट बुक करू नये.

काल भाच्याने नावापुढे वय आणि लीग लिहून यादी परत पाठवली. 22 ची नऊ झाली होती. दोन गोलकीपरही त्याने खोडले होते, ते मी परत घालायला लावले. पुढे नावाजलेला गोलकीपर लुंडक्विस्ट 2000 साली 205 वा निवडला गेला आणि एनएचएलमध्ये उतरला 2005 ला. गोलकीपर उशिरा पिकतो.