कादंबरीतून मराठी : पालकांसाठी माहिती

'गड आला पण सिंह गेला.' हे नाव फळ्यावर लिहिले की आमच्या वर्गाचा पहिला तास सुरू होतो. मागच्या तुकडीत इंग्रजी माध्यमातल्या सहावीच्या एका मुलाने विचारले, "सर, गड कसा येईल? तो तर डोंगरावरच असतो ना?" त्या दिवशी पुस्तकाचे पान उघडलेच नाही. तासभर आम्ही 'येणे' आणि 'जाणे' या दोन क्रियापदांवर बोललो. गड हाती येतो, राग येतो, पीक येते, अंगात ताप येतो. माणूस गावाला जातो, वीज जाते, आणि 'आजोबा गेले' म्हटले की घर गप्प होते. शब्दार्थांची यादी पाठ करून हे येत नाही.

म्हणून आम्ही मराठी शिकवतो ती हरि नारायण आपटे यांच्या या कादंबरीतून. विषय 1670 चा : तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, ती रात्र. आपट्यांचे निधन 1919 मध्ये झाले. त्यांच्या लेखनावरचा प्रताधिकार आता संपला आहे, त्यामुळे लागतील ती पाने आम्ही मोठ्या टायपात छापून मुलांच्या हाती देतो. वेगळे पुस्तक घ्यावे लागत नाही. भाषा शंभरावर वर्षांपूर्वीची आहे, वाक्ये लांब आहेत. सुरुवातीला मुले अडखळतात. अडखळू द्या. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीच मुले लांब वाक्य कुठे तोडायचे ते आपले आपण ठरवू लागतात.

व्याकरण आम्ही वेगळ्या तासाला शिकवत नाही. तानाजीच्या तोंडी घातलेले आणि घरोघरी माहीत असलेले बोल घ्या : 'आधी लगीन कोंढाण्याचे, मग माझ्या रायबाचे.' कोंढाणा आणि रायबा, दोन्ही आकारान्त पुल्लिंगी नामे. मग 'कोंढाण्याचे' होते आणि 'रायब्याचे' का होत नाही? मुले स्वतःच उदाहरणे काढतात : घोड्याचे, साताऱ्याचे, पण मामाचे, दादाचे. नात्यातल्या आणि जवळच्या माणसांच्या नावांना आपली भाषा धक्का लावत नाही, हे त्यांना सापडते. सामान्यरूपाचा हा नियम त्यांनी शोधलेला असतो, म्हणून परीक्षेतही आठवतो.

प्रयोगांचेही तसेच. मावळे कडा चढले : कर्तरी. सूर्याजीने दोर कापले : कर्मणी, कारण एकच दोर असता तर 'कापला' म्हणालो असतो. सूर्याजीने मावळ्यांना अडवले : भावे, इथे मावळा एक असो की तीनशे, 'अडवले' हलत नाही. तीन वाक्ये, एकच रात्र. मुले ती खडूने फळ्यावर बदलून बदलून बघतात.

अलंकारांसाठी परत नावाकडेच यावे लागते. 'तानाजी सिंहासारखा लढला' ही उपमा. 'तानाजी म्हणजे सिंहच' हे रूपक. पण कादंबरीच्या नावात तानाजी कुठे आहे? उपमेयच नाही, फक्त सिंह उरला आहे. शब्दशक्ती शिकवताना याला लक्षणा म्हणतात. पण संज्ञा सांगण्याआधी आम्ही मुलांना विचारतो, नाव का गाळले असेल? एक मुलगी हळूच म्हणाली, "कारण तो आता नाहीये." यापुढे मी काय शिकवणार होतो?

शब्दसंग्रहात मुलांना सर्वांत आवडतो तो प्रत्ययांचा खेळ. किल्लेदार, हवालदार, सुभेदार यांतला 'दार' आणि फडणीस, चिटणीस, सबनीस यांतला 'नीस' फारसीतून आले. 'नीस' म्हणजे लिहिणारा. वर्गात एखादे चिटणीस असतातच, आणि आपल्या आडनावात एक लेखणी दडली आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेही इथेच येते : मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. 'विडा उचलणे' शिकवताना आम्ही खरेच तबकात विडा ठेवतो. जो उचलेल त्याने पुढचे पान मोठ्याने वाचायचे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, आणि हा फरक मुलांना कळला पाहिजे. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले असे आपण सगळे ऐकत आलो, पण सिंहगड हे नाव 1670 च्या आधीच्या कागदपत्रांतही आढळते. यशवंती घोरपड आली ती पोवाड्यातून. मुलांचा हिरमोड होत नाही, उलट 'मग हे कुणी रचले?' हा प्रश्न ती विचारू लागतात. साहित्याचा अभ्यास तिथूनच सुरू होतो, असे आमचे मत आहे.

वर्ग सहावी ते आठवीसाठी, शनिवार-रविवार सकाळी दीड तास, बारा आठवडे. एका तुकडीत बाराच मुले. शेवटच्या रविवारी सिंहगडावर जातो. कल्याण दरवाजा पाहून कड्यापाशी बसतो आणि शेवटचे प्रकरण तिथे वाचतो. मुलांबरोबर एका पालकाने यावे.

गुणांची हमी आम्ही देत नाही, गाइडही वापरत नाही. घरी एवढेच करा : रोज रात्री दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि मध्ये चूक दुरुस्त करू नका. अडलेल्या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारावी. पुढच्या शनिवारी आम्ही त्या रेघांपासूनच सुरुवात करतो.

पहिल्या तासाला पालकांनीही बसावे. त्याचे शुल्क नाही. येताना एक कोरी वही आणा, आणि आजी-आजोबांना येता आले तर त्यांनाही घेऊन या. जुने शब्द बरेचदा त्यांच्याकडूनच निघतात.