पार्श्वभूमी : पिके समुद्रापार गेली, कीटक मागे राहिले

एखादी वनस्पती दूरदेशी नेली आणि तिचे परागीभवन करणारा, म्हणजे फुलाफुलांत पराग पोहोचवून फळ धरायला लावणारा, कीटक मायदेशी राहिला, की मगच बहुतेक वेळा माणसाला त्या कीटकाचे मोल कळले. फुलांचे रंग, गंध आणि मध हे कीटकांना बोलावण्यासाठी असतात, ही गोष्ट जर्मनीतील क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी 1793 साली पुस्तकरूपाने मांडली होती. परंतु विद्वानांनी तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आणि पुढे डार्विनने दखल घेईपर्यंत ती अडगळीतच राहिली. मळेवाल्यांना हा धडा ग्रंथांतून मिळाला नाही. तो न धरलेल्या फळांनी दिला.

व्हॅनिलाची कथा त्यातल्या त्यात परिचित आहे. मेक्सिकोतील ही वेल युरोपात आणि हिंदी महासागरातील बेटांवर वाढली, फुललीही, पण तिला शेंगा येईनात. 1836 मध्ये बेल्जियममधील शार्ल मोरेन यांनी हाताने परागीभवन साधले. मळ्यात वापरता येईल अशी झटपट रीत मात्र 1841 मध्ये रेयुनियाँ बेटावरील एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. फुलातील पराग आणि कुक्षी यांच्यामधला पडदा बारीक काडीने उचलायचा आणि अंगठ्याने दोन्ही एकमेकांवर दाबायचे, एवढीच ती कृती. जगातील व्हॅनिलाचे बहुतेक पीक आजही याच रीतीने घेतले जाते, आणि फूल एकच दिवस उमलत असल्याने मजुरांना हंगामात रोज सकाळी वेलीन् वेल पाहावी लागते. आल्बियुस स्वतः 1880 मध्ये दारिद्र्यात वारला.

अंजिराचे प्रकरण अधिक बोलके आहे, कारण तेथे माहिती हाताशी असूनही ती नाकारली गेली. स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, येथील शेतकरी रानअंजिराची फळे माळेत ओवून अंजिराच्या झाडांवर टांगत. या प्रथेचा उल्लेख प्राचीन ग्रीक ग्रंथांतही आहे. 1880 च्या दशकात स्मर्ना अंजिराच्या फांद्या कॅलिफोर्नियात लावल्या गेल्या, झाडे जोमाने वाढली, पण फळे कच्चीच गळू लागली. तुर्कांनी मुद्दाम हलक्या फांद्या दिल्या असा संशय काहींनी घेतला, आणि माळा टांगण्याची रीत अनेकांनी खेडवळ समजूत ठरवली. फ्रेस्नो येथील जॉर्ज रोडिंग यांनी हाताने पराग घालून पाहिल्यावर फळ धरले; त्यानंतरही रानअंजिरात वाढणारी चिमुकली गांधीलमाशी तेथे रुजायला 1899 साल उजाडले. ही मादी अंगावर पराग घेऊन रानअंजिरातून निघते आणि चुकून खाण्याच्या अंजिरात शिरते. तेथे तिला अंडी घालता येत नाहीत, पण झाडाचे काम होते. आपल्याकडे उंबर फोडल्यावर उडणारी केंबरे याच प्रकारातली. पुरंदर-सासवडचा शेतकरी असल्या अडचणीत कधी सापडला नाही, कारण तेथील अंजिराला परागीभवनाशिवाय फळ धरते.

तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाच्या, बाबतीत तर चूक कित्येक दशके टिकली. पश्चिम आफ्रिकेतील या झाडाची चार रोपे 1848 मध्ये जावातील बोगोरच्या उद्यानात लावली गेली आणि मलायात 1917 पासून व्यापारी मळे उभे राहिले. परागीभवन वारा करतो, अशी ठाम समजूत असल्यामुळे फळे कमी धरली तरी मळ्यांच्या मालकांनी मजूर लावले आणि ते फुलोऱ्यांवर पराग उडवत हिंडत राहिले. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाने कॅमेरूनमध्ये झाडांचे निरीक्षण केले आणि हे काम मुख्यतः एक सोंडवाला भुंगेरा करतो हे दाखवून दिले. नर फुलोऱ्यात त्याचे अन्न आणि प्रजनन होते. मादी फुलोरा तसाच बडीशेपेसारखा वास सोडून त्याला काही काळ फसवतो. हा भुंगेरा इतर पिकांना उपद्रव देत नाही याची खातरजमा करून 1981 च्या आरंभी तो मलेशियात सोडण्यात आला. तो झपाट्याने पसरला आणि हाताने परागीभवन करण्याची गरज जवळजवळ संपली. 1985 मध्ये तो केरळातही आणला गेला.

या साऱ्या इतिहासात मधमाशीला फारसे स्थान नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. परागीभवन म्हटले की पोळे आणि मध डोळ्यांसमोर येतात, आणि धोरणेही पेट्यांची संख्या वाढवण्याभोवती फिरतात. वास्तविक अनेक झाडांचा कीटक ठरलेला असतो आणि त्याच्या जागी दुसरा चालत नाही. मधमाश्यांमध्येही हा भेद आहे. न्यूझीलंडमध्ये गोऱ्या वसाहतकारांनी तांबड्या क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची कुरणे केली. तेथे पाळीव मधमाश्या होत्या, पण त्यांची सोंड त्या फुलाच्या खोल नळीला आखूड पडे, त्यामुळे बी पुरेसे धरेना आणि ते इंग्लंडहून मागवावे लागे. 1885 मध्ये लांब सोंडेच्या बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या कुळातल्या जाडसर केसाळ माश्या, इंग्लंडहून आणून सोडल्यावर बी तेथेच तयार होऊ लागले. त्यांपैकी एक जात पुढे इंग्लंडमधूनच नाहीशी झाली, आणि एकविसाव्या शतकात ती परत वसवण्याची खटपट सुरू झाली तेव्हा आधी विचार झाला तो न्यूझीलंडमधील वंशजांचाच.