न विचारता घेतलेले निर्णय: सुपरहिरोंच्या प्रेमावरचा जुना वाद

सुपरहिरो ज्यांच्यावर प्रेम करतात, त्यांच्या आयुष्याचे निर्णय त्यांना न विचारताच घेतात, हा तो वाद. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात सुपरमॅन आला आणि त्याच्यासोबत लोइस लेनही. पुढची कित्येक दशकं त्यांची कथा एकाच लपवाछपवीवर चालली. ती सुपरमॅनवर भाळलेली, ऑफिसातल्या बावळट क्लार्क केंटला (म्हणजे वेशांतर केलेल्या सुपरमॅनलाच) मात्र हिंग लावूनही विचारत नाही. तिच्याशी खोटं बोलणं हा कथेचा सांगाडाच होता, त्यामुळे ते फारसं कुणाला खुपलं नाही.

वाद पेटवायला ‘सुपरमॅन टू’ (१९८०) पुरेसा होता. नायगाऱ्याच्या हॉटेलात क्लार्क अडखळतो, हात शेकोटीत जातो, पण भाजत नाही. लोइसच्या लक्षात येतं. मग तो तिच्यासाठी स्फटिकाच्या कक्षात शिरून आपली शक्ती सोडून देतो. नेमका तेव्हाच त्याच्याच ग्रहावरचा कैदेतून सुटलेला खलनायक जनरल झॉड व्हाइट हाउस ताब्यात घेतो. नायकाने जबाबदारी झटकली, हा आरोप इथला. तो निम्माच टिकतो, कारण झॉड सुटलाय हे त्याला ठाऊकच नसतं. खरी गोची शेवटी आहे. सगळं माहीत असूनही गप्प राहणं लोइसला झेपत नाही, ती रडते. तो तिचं चुंबन घेतो आणि तिच्या आठवणी पुसून टाकतो. तिला एका शब्दाने विचारत नाही. २००६ साली आलेल्या ‘रिचर्ड डोनर कट’मध्ये (याच सिनेमाच्या मूळ दिग्दर्शकाच्या आवृत्तीत) चुंबनाऐवजी तो काळ मागे फिरवतो. विचारणं तिथेही नाहीच.

त्याच वर्षीचा ‘सुपरमॅन रिटर्न्स’ या जुन्या कथेचाच धागा ढोबळपणे पुढे नेतो. नायक निरोपही न घेता पाच वर्षं गायब, आणि परतल्यावर लोइसच्या संसारात एक्स-रे नजरेने डोकावतो. तिचा मुलगा त्याचाच निघतो. आठवणी पुसल्या असतील तर हे तिने स्वतःला कसं समजावलं, यावर सिनेमा मिठाची गुळणी धरून बसतो.

स्पायडरमॅनचा घोळ वेगळा. १९७३ च्या कॉमिकमध्ये पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला, आपल्या प्रेयसीला, तो जाळ्याने झेलतो आणि त्या हिसक्यानेच तिची मान मोडते. ‘जवळ आली तर मरेल’ हे भय तिथून पडद्यावर उतरलं. २०१२ च्या सिनेमात ग्वेनचे वडील मरताना पीटरकडून (म्हणजे स्पायडरमॅनकडून) तिच्यापासून दूर राहायचं वचन घेतात. पीटर शेवटच्या प्रसंगातच ते मोडायला निघतो. २०१४ च्या पुढच्या भागात ती मरते. पण तिथे हट्टाने लढाईत उतरण्याचा निर्णय तिचा स्वतःचा असतो, आणि त्याला दोष देताना हेच विसरलं जातं. ‘नो वे होम’मध्ये (२०२१) उलट: सगळं जग पीटरला विसरणार असतं, तेव्हा ‘तुला शोधून सगळं सांगेन’ असं त्याने प्रेयसी एमजेला वचन दिलेलं असतं, तरी तो कॉफीच्या दुकानातून गप्प परत जातो.

नायिकाही यातून सुटलेली नाही. ‘वंडर वुमन १९८४’मध्ये (२०२०) डायनाचा (म्हणजे वंडर वुमनचा) मेलेला प्रियकर एका अनोळखी माणसाच्या शरीरात परततो. दोघं एकत्र राहतात, एका पलंगावर झोपतात. त्या शरीराच्या मालकाची परवानगी कुणीच काढत नाही. शेवटी बर्फात डायनाला तो माणूस भेटतो, दोघं चार शब्द हसून बोलतात, आणि काय झालं होतं ते ती त्याला सांगत नाही.